पुसेगावच्या कोंबड्याबाबत खुलासा

जवळा बाजार,
मंगळवार, दुपार.

आदरणीय साडूभाऊ भीमराजजी यांस जळबाचा सप्रेम जयभीम.

आपली तब्येत ठणठणीत असेल अशी आशा करतो. गुडघ्याला तेल लावणं चालू ठेवावं, सोडू नये. सौ. रुख्मिणीबाईंची साखर आटोक्यात असेल. म्हशी दूध देत असतील, बोअरला पाणी असेल, तुमच्या आकांक्षाचा शाळेचा अभ्यास होत असेल. तसंच सौ. चांगुणा, जी गुरुवारपासून आपल्याकडे हवापालटासाठी आलेली आहे, तीही बरी असेल. (हवापालट हा शब्द मी इथल्या लोकांना सांगितला आहे. जवळ्याची हवा आणि पुसेगावची हवा यांत असा काय फरक, असं एकानं विचारलंच. तिकडं झाडं जास्त आहेत, असं मी सांगितलं. आपल्याला कोणी विचारलं तर तेवढं सांभाळून घ्यावं.)

फोनच केला असता, पण इथला एस.टी.डी.वाला काचेच्या डब्यात आपल्याला बसवतो आणि दार लोटलं की स्वतः त्याच दाराला पाठ टेकून उभा राहतो. पाठीला कान नसतात, असं त्याचं म्हणणं. माझा त्यावर विश्वास नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

चांगुणानं तिच्या बाजूनं सगळी हकीकत तिथं सांगितलीच असेल. सांगू दे. पण एस.टी.त एवढी वर्षं कंडक्टरकी केल्यावर मला एक गोष्ट कळली आहे. गाडीत चढल्या चढल्या जो माणूस स्वतःहून कंडक्टरच्या लेकराबाळांची चौकशी करतो, त्याच्याकडं तिकीट नसतं. (आता तुम्ही म्हणाल, या पत्राच्या सुरुवातीला मीसुद्धा चौकशीच केली. ती मनापासून केली आहे. तो प्रकार वेगळा.) तर दुसरी बाजूही ऐकावी, एवढीच विनंती. कारण या सगळ्याची सुरुवात माझ्या घरात झालेली नाही, तुमच्या अंगणात झाली आहे.

आठवून बघा. उन्हाळ्यात आम्ही पुसेगावला आलो होतो. मी नुकताच रिटायर झालेलो, लेक ज्योती पुण्याला नांदायला गेलेली, चांगुणाला घर खायला उठून राहिलं होतं. तेव्हा तुम्ही मोठ्या मनानं चार कोंबड्या आणि एक कोंबडा डालग्यात घालून दिला. लाल मान, काळंभोर शेपूट, तुरा असा की बघत राहावं. असा कोंबडा शेतकरी माणूस फुकट काहून देईल, हा विचार मला तिथंच यायला पाहिजे होता. नाही आला. तुम्ही हसून राहिले होते, मी म्हटलं प्रेम. रुख्मिणीबाई दारात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, मी म्हटलं बहीण निघाली म्हणून गलबलून आलं असेल. पण आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा तुमच्या गल्लीतली सगळी माणसं ओट्यावर येऊन डालग्याकडं बघत होती, आणि समोरच्या म्हाताऱ्यानं तर मला हात जोडले. मला वाटलं, जिल्ह्यात कंडक्टरला अजून मान आहे.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. कोंबडा पहाटे ओरडतो हे लहान लेकरालाही माहीत आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हा पहाटेला ओरडतो, सकाळी ओरडतो, जेवणाच्या वेळेला ओरडतो. माझं घर स्टँडच्या मागं, त्यामुळं गाडीनं हॉर्न दिला की हा उत्तर देतो. गाडी आली तरी ओरडतो, गेली तरी ओरडतो, उशीर झाला तर जास्त ओरडतो. म्हणून मी त्याचं नाव कंट्रोलर ठेवलं. डेपोत गाड्या सोडणारा कंट्रोलर निदान चहाला तरी जायचा.

आता शेजाऱ्याबद्दल. भिंतीपलीकडं नरसिंग राहतो, कापसाच्या जिनिंगवर रात्रपाळीचा वॉचमन आहे. म्हणजे गाव उठतं तेव्हा हा झोपतो. त्याची बाज भिंतीला लागून, आणि कंट्रोलरला ओरडायला सबंध घरात तीच भिंत आवडली. नरसिंगच्या बरोबर डोक्यावर उभा राहून तो मान लांब करायचा. नरसिंग आधी फार अदबीनं आला. "कंडक्टरसाहेब, थोडी तकलीफ होऊन राहिली," एवढंच म्हणाला. चहा घेतला, बसला, कोंबडा देखणा आहे म्हणाला. एवढी झोपमोड झालेला माणूस एवढं गोड काहून बोलेल? मी त्याच दिवशी चांगुणाला सांगितलं, या माणसाच्या मनात काहीतरी आहे. ती म्हणाली, त्याच्या मनात झोप आहे.

तरी मी शेजारधर्म पाळला. उपाय केले नाहीत असं कोणी म्हणू नये. आधी त्याला सकाळी उशिरापर्यंत डालग्याखाली ठेवून वर पोतं टाकलं, अंधार असला की गप्प राहील म्हणून. राहिला. पण पोतं काढलं की सगळी थकबाकी एकदम वसूल करायचा. मग कोणीतरी सांगितलं, कोंबड्याला मान सरळ करता आली नाही तर त्याला ओरडता येत नाही. मी साबणाचं बुटकं खोकं आणून त्यात कोंडला. ओरडला. मान वाकडी करून ओरडला, आणि आवाज असा निघाला की घाटात गियर अडकलेली गाडी. नरसिंगची म्हैस दावं तोडून पळाली. शेवटी मी त्याच्या गळ्याला कापडाची पट्टी बांधायला गेलो, अगदी सैल. तर चांगुणानं माझ्या हातून पट्टी ओढून घेतली आणि म्हणाली, आधी तुमच्या गळ्याला बांधून दाखवा. मी बांधून दाखवली. मला बोलता येत होतं, हे मी तिला बोलूनही दाखवलं. तिनं ऐकलं नाही.

आणि साडूभाऊ, तो माझ्या अंगावर येतो. फक्त माझ्या. चांगुणा त्याला उचलून काखेत धरते, तसा तो डोळे मिटून गरीब होतो. मी अंगणात पाय ठेवला की पंख पाडून तिरका तिरका चालत येतो आणि पोटरीवर झेप घालतो. मी पळतो. चांगुणा म्हणते पळू नका, पळालं की त्याला जोर येतो, जागेवर उभं राहा. उभं राहून बघितलं, दोन्ही पोटऱ्यांना खुणा आहेत, भेटीत दाखवीन. कोणी ओळख पटवून दिल्याशिवाय कोंबडा असा माणूस निवडून काढत नाही. तुमच्याकडं असताना त्याला माझा फोटो वगैरे दाखवला होता काय, हे मोकळेपणानं कळवावं.

मग कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं जायला लागली. चारींच्याही पाठी उघड्या पडल्या, लालसर दिसायला लागल्या. मला आधी नरसिंगचाच संशय आला. माणूस सूड घेतो तो असा, हळूहळू. मी दोन दिवस भिंतीच्या भोकातून नजर ठेवली. नरसिंग झोपलेला दिसला. (झोपेचं सोंगही असू शकतं, पण मग त्याचं घोरणं फार उत्तम म्हणावं लागेल.) चांगुणानं सांगितलं ते वेगळंच. तिचं म्हणणं, एवढ्या तगड्या कोंबड्याला चार कोंबड्या पुरत नसतात, तो सारखा त्यांच्याच पाठीवर बसून नखांनी पिसं काढतो. म्हणजे इथंही तुम्हीच आलात. द्यायच्या होत्या तर दहा द्यायच्या. तिनं मला न विचारता माझा खाकी सदरा, ज्याच्यात मी निवृत्त झालो, तो कापला आणि चारी कोंबड्यांच्या पाठीला झुली शिवल्या, पंखाखालून नाडी घेऊन. पाठी वाचल्या, हे मी मान्य करतो. पण माझ्याच अंगणात चार खाकी कर्मचारी माती उकरत फिरून राहिलेत आणि त्यांच्यावर कंट्रोलर ओरडून राहिला, हे रिटायर माणसानं किती दिवस बघायचं?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. अंडी.

सुरुवातीला अंडी चांगली निघायची. मग कमी झाली. कोंबडी अंडं घातल्याचं ओरडून सांगते, कोंबडा त्याची जाहिरात करतो, सबंध स्टँडला कळतं, आणि मी जाऊन बघतो तर खुराड्यात भुसा. नरसिंगची बायको सोजराबाई हिच्या हातात भिंतीपाशी पदराखाली वाडगं मी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा तिनं मला बघितलं आणि वाडगं पाठीमागं नेलं. चांगुणाला म्हणालो तर ती म्हणाली, बायामाणसाच्या वाडग्याकडं काय बघून राहिले? उत्तर देण्याऐवजी उलटा सवाल! तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं, पण माणसाला घरच्या माणसाचा संशय शेवटी येतो.

मी सापळा लावायचं ठरवलं. दोन अंड्यांना सुईनं भोकं पाडली, आतलं फुंकून बाहेर काढलं (त्याचं आम्लेट केलं, वाया घालवलं नाही), आणि कागदाची पुंगळी करून आत लवंगी मिरचीचं तिखट भरलं, थोडं पाणी घालून. भोकं कणकेनं बुजवली. चांगुणा बाजारात गेली होती तेवढ्यात दोन्ही खुराड्यात ठेवून दिली आणि कवाडाच्या फटीत डोळा लावून बसलो.

पहिला चोर तर लगेच सापडला. तुरेवाली कोंबडी, खाकी घातलेली, इकडं तिकडं बघत आली, एका अंड्यावर चोच मारली आणि खायला लागली. म्हणजे आपलीच कोंबडी आपलीच अंडी खाऊन राहिली होती! मी मनात म्हणालो, आता कळेल. साडूभाऊ, तिला काहीच झालं नाही. लवंगीचं तिखट तिनं शिऱ्यासारखं खाल्लं, चोच भुशाला पुसली, पाण्याचा एक घोट घेतला आणि पुन्हा शिल्लक आहे का बघून आली. कोंबडीच्या जातीला तिखट लागतच नाही, हे तुम्ही शेतकरी असून मला कधी सांगितलं नाही. या धक्क्यातून सावरून मी दुसऱ्या अंड्याकडं बघतो तर ते जागेवर नव्हतं. मी तुरेवालीकडं तोंड करून बसलो होतो, त्या वेळात कोणीतरी मागच्या बाजूनं नेलं होतं.

मी ओट्यावर बसून ठसका लागायची वाट बघत राहिलो.

संध्याकाळी लागला. भिंतीपलीकडून आधी तव्याचा आवाज आला, मग असा ठसका की आमच्या घरात माझ्याही डोळ्याला पाणी आलं. सोजराबाई खोकून राहिली, नरसिंग खोकून राहिला, रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला उतरून खोकायला लागला. मी धावत त्यांच्या दारात गेलो. (कंट्रोलर माझ्या मागं, पण त्या वेळी मला त्याचीही पर्वा नव्हती.) आणि सगळ्या गल्लीच्या देखत म्हणालो, "पकडला!"

नरसिंग डोळ्याला ओला टॉवेल लावून बाहेर आला. "कंडक्टरसाहेब, काय घातलं हो अंड्यात? तव्यावर फोडलं अन् डोळेच गेले माझे!"

"अंडं माझं होतं, हे कबूल करून राहिले ना?" मी म्हणालो.

"व्हय. तुमचंच. काहून?"

एवढ्या सरळ कबुलीची मला अपेक्षा नव्हती. तेवढ्यात त्यांच्याच परसातून चांगुणा आली. बाजाराची पिशवी अजून तिच्या हातात होती.

"काहून वरडून राहिले?" ती म्हणाली. "अंडी मी देऊन राहिले त्यांना. आज नाही, पावसाळ्यापासून. आत्ता बाजारातून आल्या आल्या मीच मागच्या अंगानं घेऊन गेले. तुमच्या कोंबड्यापायी त्या माणसाची झोप गेली. त्यानं पंचायतीत द्यायला तक्रार लिहून ठेवली होती, मी सोजराला म्हणलं, बाई, देऊ नको. रोज दुपारी त्याला वाटीभर कालवण व्हावं म्हणून दिली अंडी. अन् तुमी त्यालाच चोर म्हणता?"

सगळी गल्ली माझ्याकडं बघत होती. इथं मी काय बोलायला पाहिजे होतं, हे मला आता, पत्र लिहिताना, चांगलं कळतं. पण तेव्हा तोंडातून जे निघालं ते असं निघालं, "म्हंजे फुकटे प्रवासी घरातूनच चढून राहिले होते."

सोजराबाईचा ठसका मधेच थांबला. चांगुणानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बरं."

चांगुणाचं 'बरं' काय असतं, ते रुख्मिणीबाईंना विचारा, त्या लहानपणापासून ओळखतात. रात्री ताट वाढलं, त्यात काही कमी नव्हतं, फक्त आवाज नव्हता. सकाळी तिनं चारी कोंबड्या झुलीसकट डालग्यात घातल्या, लुगडं बदललं आणि दारात उभी राहून म्हणाली, "आता घरात तुमी अन् तो. घ्या एकमेकावर संशय." मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, तुमी चौकशी करून ठरवा.

मी तिला स्टँडवर पोचवायला गेलो नाही. मी म्हटलं, मला कुठं बोलावलंय.

तर साडूभाऊ, हकीकत ही अशी आहे. यात चूक कोणाची ते आपण मोठे आहात, ठरवावं. माझं मागणं फार नाही. कोंबडा आपला आहे, आपण स्वतः येऊन त्याला घेऊन जावं, आणि असा कोंबडा देताना मनात काय होतं त्याचा दोन ओळी खुलासा करावा. माझ्या मनात आपल्याबद्दल कसलीही शंका नाही, हे लिहून ठेवतो. इकडं माझं सगळं व्यवस्थित आहे. स्वयंपाक मला येतो, कमी कशाची नाही. लहानांना आशीर्वाद, रुख्मिणीबाईंना जयभीम.

आपला साडू,
जळबा

ता.क. वर 'व्यवस्थित' लिहिलं आहे ते पुसेगावात चारचौघांत वाचून दाखवण्यासाठी. खरी परिस्थिती अशी आहे की कंट्रोलर दारातल्या पायरीवर बसलेला आहे आणि मी घरात आहे. अंगणातल्या संडासापर्यंत तो मला छत्री पुढं धरून जाऊ देतो, फाटकापर्यंत जाऊ देत नाही. चांगुणानं निघताना त्याला उचलून कानापाशी काहीतरी पुटपुटल्याचं मी बघितलं होतं. ज्वारी टाकून त्याला कोपऱ्यात न्यावं म्हटलं, तर तो ज्वारी खातो आणि माझ्याआधी परत येतो. तेव्हा तुम्ही नाही आलात तरी चालेल. चांगुणाला पाठवा. कोंबड्यांसकट पाठवा, तुरेवालीही चालेल. ती तुमचं ऐकणार नाही, रुख्मिणीबाईंचं ऐकेल. मी ते फुकट्या प्रवाशाचं बोललो ते बोलायला नको होतं, हे तुम्ही तिला सांगू नका, मी सांगेन. पण सांगितलं तरी चालेल.

ता.क. दोन. हे पाकीट मी खिडकीतून नरसिंगच्या हातात टपालात टाकायला देऊन राहिलो, दुसरा मार्ग नाही. घरात डिंक नाही. नरसिंगराव, तुम्ही वाचतच असाल तर वर वाडग्याबद्दल आणि घोरण्याबद्दल लिहिलं आहे ते मनावर घेऊ नये. डोळे आता कसे आहेत?

भीमराजभाऊंना नरसिंगचा नमस्कार. हे खालचं अक्षर माझं हाय. पाकीट उघडं होतं म्हणून वाचलं, त्यांनीच मला विचारलं म्हणून लिहून राहिलो. डोळे बरे हायेत. त्यांना स्वयंपाक येतो हे खरं न्हाई. गुरुवारपासून आमची सोजरा खिडकीतून भाकर देऊन राहिली. ते भाकर उलटून खालून बघतात, मग खातात. कोंबडा आता कमी वरडतो, पण कंडक्टरसाहेब दिवसभर खिडकीतून मला हाका मारतात, पुसेगावची गाडी आली का, तिच्यातून कोण उतरलं. मला तर कोंबडाच बरा होता. वहिनीला म्हणावं लवकर या, सोजराच्या मनात काही न्हाई, माझ्याही न्हाई.

आणखी एक. काल त्यांनी मला हळू आवाजात विचारलं, गुरुवारी ती गेली तेव्हा गाडीला गर्दी होती काय, बसायला जागा मिळाली काय. मी जिनिंगवरून येऊन राहिलो होतो, मी बघितलं होतं. वहिनीला खिडकीपाशी जागा मिळाली होती, डालगं मांडीवर होतं, अन् गाडी सुटस्तोवर त्या घराच्या बाजूलाच बघत होत्या. पण त्यांना मी म्हणलं, ध्यानात न्हाई. तिखट फार होतं हो ते. अजून दोन दिवस राहू दे, मग सांगतो.